हात नंतर, आधी पाय: चायनीज मार्शल आर्टवरून ॲनिमेशनसाठी स्वतःची फायटिंग स्टाईल कशी बनवायची

चार-पाच वर्षांपूर्वी मी एक चाळीस सेकंदांची क्लिप बनवली होती, एक मुलगी पाण्याने लढते अशी. हातांच्या पोझेस इकडून तिकडून गोळा केल्या, स्प्लॅशचे इफेक्ट्स टाकण्यात दोन आठवडे घालवले, आणि मोठ्या कौतुकाने मित्राला दाखवली तर तो म्हणतो, "ही लढतीये का चौकात ट्रॅफिक सोडवतीये?" राग आला पण खरं होतं ते. कंबरेखाली ती बाई पुतळा होती. वर हात हलतायत, पाणी उडतंय, पण ते पाणी हिच्यामुळे उडतंय असं कुठेच वाटत नव्हतं.

मग मी अवतार: द लास्ट एअरबेंडर ही ॲनिमेशन सिरीज (तिच्यात लोक पाणी, माती, आग, हवा हलवून लढतात) परत पहिल्यापासून लावली, यावेळी आवाज बंद करून आणि नजर फक्त पात्रांच्या पायांवर ठेवून. ज्यांना स्वतःची ॲनिमेशन शॉर्ट किंवा कॉमिक करायचंय आणि त्यात हवा-पाणी-विजेची मारामारी टाकायचीये त्यांनी हा उद्योग एकदा कराच, पाच-सहा एपिसोड पुरेत. तेव्हापासून मी ज्या क्रमाने काम करतो तो खाली लिहितोय. चित्रकला थोडीफार येते आणि ब्लेंडर, क्रिता किंवा ओपनटून्झपैकी काहीतरी वापरता येतं एवढं धरून चालतो (तिन्ही फुकट आहेत, सॉफ्टवेअर नाही म्हणून अडलंय असं सांगू नका).

आधी अवतारवाल्यांनी काय केलं ते बघू

मायकेल दान्ते डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएट्झको या दोघांची ही सिरीज, निकलोडियनवर फेब्रुवारी २००५ ला सुरू झाली, जुलै २००८ ला संपली, ६१ एपिसोड. त्यांनी सिफू किसू नावाच्या कुंग फू शिक्षकाला सल्लागार म्हणून घेतलं आणि ठरवलं की पाणी, माती, आग, हवा या चौघांना चार वेगळ्या खऱ्या चायनीज स्टाईल द्यायच्या. पाण्याला ताय ची, मातीला हुंग गार, आगीला नॉर्दर्न शाओलिन आणि हवेला बाग्वाजांग. प्रत्यक्ष ॲनिमेशन दक्षिण कोरियाच्या स्टुडिओंमध्ये व्हायचं.

आता हे वाटप वरवर बघितलं तर वाटतं की काय, चार नावं उचलली आणि चार खान्यांत टाकली. पण प्रत्येक जोडी का जमते ते बघा, सगळा धडा त्यातच आहे.

ताय चीमध्ये वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर सावकाश सरकत राहतं, भरलेला पाय आणि रिकामा पाय असं ते मोजतात, आणि एक हालचाल संपायच्या आत पुढची सुरू झालेली असते. जोडीने करायचा एक सराव असतो, तुई शौ म्हणतात, हात हाताला चिकटवून ठेवायचा आणि समोरच्याने ढकललं की त्याला अडवायचं नाही, त्याचा जोर आत घ्यायचा, वळवायचा आणि त्यालाच परत द्यायचा. लाट हेच करते ना! म्हणून सिरीजमधली पाणीवाली कटारा समोरून आलेलं पाणी वळवून परत पाठवताना बऱ्याचदा दिसते.

हुंग गार दक्षिणेची, फोशानचा वाँग फेइ-हुंग (१८४७-१९२५) हा तिचा सगळ्यात गाजलेला उस्ताद. या स्टाईलचा पाया म्हणजे घोडा, मांड्या जमिनीला जवळजवळ समांतर, पाय रोवलेले, विद्यार्थी त्या पवित्र्यात मिनिटंच्या मिनिटं उभे राहतात. आधी पाय जमिनीत, मग कंबर, मग हात. दगड उचलणाऱ्या माणसाला दुसरं काय शोभणार.

नॉर्दर्न शाओलिन लांब पल्ल्याची. चिनी लोकांत एक म्हणच आहे, दक्षिणेची मूठ आणि उत्तरेची लाथ. उड्या, लांब लाथा, सतत पुढे जाणं, एकामागून एक हल्ला आणि श्वासाचा जोर. आग जशी पुढचं पुढचं खात जाते तशी.

आणि बाग्वाजांग. एकोणिसाव्या शतकात बीजिंगमध्ये दाँग हायच्वान या माणसाने ती नावारूपाला आणली. यात सरळ रेषेत जाणंच नाही, वर्तुळावर चालत राहायचं, पाय चिखलातून सरकवल्यासारखे टाकायचे, आणि अचानक तळहात बदलून दिशा उलटवायची. मूठ फारशी नाही, तळहातच. वाऱ्याला पकडायला गेलं की तो बाजूने निसटतो, सिरीजचा हवावाला हिरो आंग तसाच निसटतो.

इथे माझा एक आवडता पुरावा. नारुतो या जपानी ॲनिमेमधलं ह्यूगा घराणं, नेजी आणि हिनाता, त्यांची स्टाईलसुद्धा बाग्वावरच बेतलेली आहे, तेच तळहात, तेच वर्तुळ, चौसष्ट तळहातांचा तो प्रसिद्ध हल्ला तर बाग्वा म्हणजे आठ चिन्हांच्या आकृतीवर उभं राहूनच होतो. पण आंग बाग्वा वापरून लांब राहतो आणि नेजी तीच बाग्वा वापरून अंगाला भिडतो आणि चक्राचे (म्हणजे अंगातल्या शक्तीचे) पॉइंट बंद करतो. मूळ एक आणि झाडं दोन. म्हणजे "बाग्वा वापरली" एवढ्याने काहीच ठरत नाही, बाग्वामधलं नेमकं काय उचललं ते ठरवतं.

पायरी १: एकच स्टाईल घ्या आणि तिचं एक वाक्य लिहा

नवशिक्या पोरांची (माझी पण होती) पहिली हौस म्हणजे थोडं ताय ची, थोडं विंग चुन, वरून जरा दारुड्या कुंग फू असं सगळं मिक्स करायचं. नका करू. मिसळ चांगली लागते कारण उसळ, फरसाण, रस्सा प्रत्येकाची चव आधी नीट बनलेली असते.

एक स्टाईल घ्या, तिचे तीन-चार वेगवेगळ्या शिक्षकांचे व्हिडिओ बघा, आणि ती स्टाईल कशाच्या जोरावर जिंकते ते एका वाक्यात लिहा. दिसते कशी ते लिहू नका, जिंकते कशी ते लिहा. हुंग गार: हलत नाही म्हणून जिंकते. बाग्वा: समोर सापडत नाही म्हणून जिंकते. हे वाक्य जमेपर्यंत पेन्सिल उचलू नका, खरंच सांगतो.

पुढे उदाहरण म्हणून मी माझीच एक स्टाईल घेतो, सुताने लढणारी बाई. तिच्यासाठी मी ताय चीच घेतली, पण लाटेवाला भाग सोडून दिला कारण तो अवतारने वापरून झालाय. ताय चीमध्ये चान स जिन नावाची एक कल्पना आहे, कोशातून रेशीम उलगडणं. रेशमाचा धागा ओढताना वेग एकसारखा ठेवावा लागतो, झटका दिला तर तुटतो, सैल सोडला तर गुंता होतो, म्हणून हालचाल पायापासून बोटापर्यंत पिळासारखी एकसंध फिरत गेली पाहिजे. हेनानमधल्या चेन गावाच्या चेन ताय चीमध्ये यावर फार भर असतो. माझं वाक्य झालं: झटका देत नाही म्हणून जिंकते.

पायरी २: पवित्रे काढा, कंबरेच्या वर काहीही न काढता

आपल्याकडे पवित्रा हा शब्द किती छान आहे बघा, तालमीत पण चालतो आणि राजकारणाच्या बातमीत पण. चायनीज मार्शल आर्टमध्ये पाच पवित्रे जवळपास सगळीकडे शिकवतात. माबू म्हणजे घोडा, दोन्ही पायांवर समान वजन. गोंगबू म्हणजे धनुष्य, पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय ताठ, वजन पुढे. श्यूबू म्हणजे रिकामा, जवळजवळ सगळं वजन मागच्या पायावर आणि पुढच्या पायाचा नुसता चवडा टेकलेला. पूबू म्हणजे एका पायावर पूर्ण बसायचं आणि दुसरा पाय जमिनीलगत सरळ पसरायचा. श्येबू म्हणजे पायांची आढी घालून पीळ देऊन खाली बसायचं.

कॅरेक्टरचे फक्त पाय आणि कंबर, स्टिक फिगर चालेल, या पाचात काढा. प्रत्येकात गुरुत्वमध्य कुठे पडतो ते टिंबाने दाखवा. मग विचारा की माझी बाई शांत असताना कुठल्या पवित्र्यात उभी असेल, हल्ला कुठून करेल, घाबरली तर कुठे जाईल. तीन उत्तरं मिळाली की स्टाईलचा निम्मा भाग तयार. माझ्या सूतवालीचं उत्तर: शांत असताना श्यूबू कारण पाय कधीही उचलता येतो, हल्ला करताना श्येबूतून उलगडत वर येते म्हणजे पीळ सुटतो तसा, आणि घाबरली की घोडा. घोड्यात ती कमजोर आहे कारण पीळच उरत नाही. व्हिलनला मी तिला घोड्यातच आणायला लावतो.

आणि हो, हे पवित्रे स्वतः घरी करून बघा. दोन मिनिटं घोड्यात उभे राहा आणि मांड्या थरथरायला लागल्या की कळेल की तुमचं कॅरेक्टर चेहऱ्यावर इतकं शांत का दिसू शकत नाही. गुडघ्याचा त्रास असेल तर पूबूच्या वाटेला जाऊ नका, व्हिडिओ बघून भागवा.

पायरी ३: शक्तीचा रस्ता आखा

ही पायरी लोक हमखास गाळतात. जादू हातातून निघते हे ठीक, पण हातात येते कुठून? खऱ्या स्टाईलमध्ये जोर जमिनीतून टाचेत, तिथून कंबरेत, पाठीतून खांद्यात आणि शेवटी हातात येतो. शरीराच्या चित्रावर बाणांनी हा रस्ता काढा.

अवतारच्या दुसऱ्या सीझनमध्ये आगवाला आयरो त्याच्या पुतण्याला, झुकोला, वीज वळवायला शिकवतो तो सीन काढून बघा, माझ्या मते आख्ख्या सिरीजमधला सगळ्यात हुशार डिझाइनचा सीन. वीज एका हाताच्या बोटांतून आत घ्यायची, खांद्यातून खाली पोटात न्यायची, तिथून वर दुसऱ्या खांद्यात आणि दुसऱ्या हाताने बाहेर, आणि हृदयातून जाऊ द्यायची नाही. आणि ही युक्ती आयरोने शोधली ती पाणीवाल्यांना बघून. म्हणजे शाओलिनच्या आगवाल्याने ताय चीचं तत्त्व उसनं घेतलं. गोष्टीतही तेच आणि डिझाइनमध्येही तेच. मिक्स करायचंच असेल तर असं करायचं, कोण कोणाकडून काय शिकलं ते माहीत असताना.

रस्ता आखला की त्याच्यासोबत तोटा पण लिहा. रस्ता कुठे अडला की शक्ती बंद पडते? त्याच सिरीजमधली टाय ली नुसती बोटं टोचून लोकांची शक्ती बंद करते ना, ते चिनी मार्शल आर्टमधल्या मर्मस्थानांवर मारायच्या जुन्या कल्पनेतून आलंय. माझ्या सूतवालीचा पीळ कंबरेतून जातो, म्हणून कंबर धरली की ती संपली, आणि झटका बसला की सूत तुटतं. हे नियम मी स्वतः डोकं खाजवून शोधले नाहीत, रेशमाच्या धाग्यानेच दिले. तुमचे नियम पण मूळ स्टाईलमधून आले तर बघणाऱ्याला ते न सांगता पटतात.

पायरी ४: स्टाईलमध्ये माणूस घाला

एकाच शाळेतली दोन पोरं सारखी लढत नाहीत. अवतारमधली टॉफ माती वापरते पण तिला हुंग गार दिलेली नाही, तिला चू गार म्हणजे दक्षिणेची मँटिस स्टाईल दिलीये. का, तर ती आंधळी आहे, पायाने जमीन ऐकते, त्यामुळे तिला छोट्या नेमक्या पावलांची, जवळून खेळायची स्टाईल हवी होती. झुकोची बहीण अझुला आगच वापरते पण बऱ्याचदा दोन बोटं जोडून, कमीत कमी हालचालीत. झुको तीच आग अंगात आल्यासारखी फेकतो. संवाद न ऐकता कळतं की कोण कोण आहे.

आणि आंगला माती शिकायला इतकं जड का गेलं? जो पोरगा आयुष्यभर बाजूला सरकून जिंकलाय त्याला टॉफ म्हणते जागेवर उभा राहा. पवित्रा बदलायचा म्हणजे स्वभाव बदलायचा. तुमच्या कॅरेक्टरला कुठला पवित्रा अजिबात जमणार नाही ते शोधा, त्यात तुम्हाला एक आख्खा एपिसोड मिळेल.

पायरी ५: रेफरन्स शूट करा, मोबाइल पुरतो

सिफू किसू मूव्ह्ज करून दाखवायचे आणि त्या शूट करून आर्टिस्ट लोक वापरायचे. आपल्याकडे सिफू (म्हणजे गुरू) नाही पण गच्ची आहे.

मोबाइल कंबरेच्या उंचीवर ठेवा, पाय पूर्ण फ्रेममध्ये आलेच पाहिजेत (दहातल्या आठ लोकांच्या व्हिडिओत पाय कापलेले असतात, मग रडतात), समोरून एकदा आणि बाजूने एकदा घ्या. ढगळ टी-शर्ट घालू नका, कंबर दिसत नाही. हालचाल आधी हळू करा, मग खऱ्या वेगाने. तुम्ही मार्शल आर्टिस्ट नाही, तुमचं वाईटच दिसणार, चालेल, इथे आपल्याला फक्त वजन कधी आणि कुठे सरकतं एवढंच हवंय. बारीक नेमकेपणासाठी जाणकारांचे व्हिडिओ सोबत ठेवा. जवळपास वुशू (चायनीज मार्शल आर्ट) किंवा ताय चीचा क्लास असेल तर महिनाभर जाऊन या, त्याला तोड नाही. पण कोणा शिक्षकाचा फॉर्म (ठरलेल्या हालचालींची मालिका) फ्रेम टू फ्रेम ट्रेस करून स्वतःचा म्हणून टाकू नका. तो त्या माणसाचा वर्षानुवर्षांचा घाम असतो.

पायरी ६: की पोझ आणि टायमिंग

आता चित्रं. एका मूव्हसाठी आधी चारच पोझेस: तयारी, मधली जिथे वजन पलीकडे जातं ती, टोकाची, आणि सावरण्याची. मधली पोझ सगळ्यात महत्त्वाची आणि लोक नेमकी तीच सॉफ्टवेअरवर सोडून देतात, मग कॅरेक्टर बर्फावरून घसरल्यासारखं दिसतं.

टायमिंगवरूनच स्टाईल ओळखू येते. सेकंदाला २४ फ्रेम धरून माझे आकडे सांगतो, नियम नाहीत हे, सुरुवातीला धरायला ठीक आहेत. हुंग गारसारख्या जड स्टाईलला तयारी १० ते १२ फ्रेम, मार २ फ्रेम, आणि मग ८-१० फ्रेम पूर्ण थांबा, काहीही हलवू नका, तो थांबाच वजन दाखवतो. शाओलिनसारख्याला तयारी ४ फ्रेम, मार २-३, आणि थांबा जवळपास नाहीच, सावरणं म्हणजेच पुढच्या लाथेची तयारी. ताय चीला मार असा वेगळा काढूच नका, २०-२५ फ्रेमचा एक कंस, वेग मध्यात थोडा वाढतो आणि टोकाला विरतो, हात कंबरेच्या दोन-तीन फ्रेम मागून येतो. बाग्वाला कॅरेक्टरसोबत कॅमेरा पण थोडा फिरवलात तर वर्तुळ कळतं, नाहीतर सपाट चित्रात ते नुसतं इकडून तिकडे चालणं दिसतं. माझं तिथे बरेच महिने चुकत होतं.

जमिनीवर टेकलेला पाय टेकलेलाच ठेवा. त्याच्याखाली एक खूण काढून ठेवा आणि प्रत्येक फ्रेम त्या खुणेवर तपासा. कंटाळवाणं आहे, पण पाय एकदा सरकला की दगड, वीज, ड्रॅगन सगळं खोटं वाटायला लागतं.

पायरी ७: इफेक्ट्स सगळ्यात शेवटी

पाणी, सूत, आग जे काय असेल ते शरीराच्या हालचालीच्या मागून येऊ द्या. सूत हाताच्या आधी वळलं तर सूतच बाईला नाचवतंय असं दिसतं. दोन ते चार फ्रेमचा उशीर मला बरा वाटतो, जड गोष्टीला जास्त. दगडाला तर पाय आपटल्यावर क्षणभर काहीच होऊ नये आणि मग तो उठावा.

इफेक्टची रेषा पण त्याच तत्त्वातून घ्या. माझ्या सूताला मी कुठेच कोपरा येऊ देत नाही, जिथे कोपरा आला तिथे ते तुटलेलं असतं.

एक बारीक गोष्ट, चिनी अक्षरं सजावट म्हणून टाकू नका. अवतारवाल्यांनी अक्षरांसाठीसुद्धा वेगळा जाणकार सल्लागार ठेवला होता. वाचता येत नाही तर टाकू नये, आपल्या देवनागरीची कोणी टॅटूवर केलेली दशा बघितली की आपला जीव जातो ना, तसंच.

तपासायचं कसं

सगळे इफेक्ट्स बंद करा. कॅरेक्टर पूर्ण काळं भरून टाका, म्हणजे नुसती सावली. आता ज्याने तुमची गोष्ट ऐकलेली नाही अशा कुणालातरी दाखवा आणि विचारा की हा माणूस कशाने लढतोय असं वाटतंय, काहीतरी जड, वाहतं, उडतं, का टोचणारं? उत्तर जवळपास आलं तरी बास. अजिबातच नाही आलं तर हातांत बदल करत बसू नका, पायरी २ ला परत जा.

माझी सूतवाली पहिल्यांदा या टेस्टला बसली तेव्हा त्याच मित्राने बघितली. म्हणाला, "काहीतरी गुंडाळतीये किंवा उलगडतीये." ट्रॅफिकचं नाव काढलं नाही. पण डावा पाय शेवटच्या तीन फ्रेममध्ये सरकतोय हे मात्र त्याने बरोबर पकडलं, ते अजून दुरुस्त करायचं राहिलंय.